आग्यामोहोळाखालची वाट

गेली दोन वर्षं मी कुणालाही डोंगरात घेऊन जात नाही. का, असं विचारलं की मी गुडघ्यांकडं बोट दाखवते. गुडघे कामातून गेलेत हे खोटं नाही. भिंगारला आमच्या घराच्या पायऱ्या उतरतानासुद्धा मला भिंत धरावी लागते. पण गुडघे जायच्या आधी डोंगरात एक प्रसंग घडला, आणि त्यानंतर कड्याच्या काठाशी आले की मी मागं सरकायला लागले. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा गमतीजमती लिहायच्या ठरवून बसले होते. लिहायला घेतलं आणि हाच प्रसंग पुढं येऊन बसला.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण आमच्या गल्लीतसुद्धा ते फार जणांना कळलेलं नाही. "म्हणजे तुम्ही टूरवाल्या का?" असं लोक विचारायचे. टूरवाल्यांची बस असते, हॉटेल असतं, दुपारी आइस्क्रीम असतं. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. अकोले तालुक्यातल्या पाचनईपासून सुरुवात करायची, हरिश्चंद्रगड चढायचा, कात्राबाईची खिंड ओलांडून रतनवाडीला यायचं, रतनगड करून साम्रदच्या बाजूला उतरायचं आणि शेवटी सह्याद्रीच्या कड्यातून एका जुन्या वाटेनं खाली कोकणात जायचं. सगळं पायी. मुक्काम वाडीतल्या कुणाच्या तरी ओसरीवर, नाहीतर तंबूत. माणसं सुट्टी काढून, हौसेनं यायची, आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून म्हणायची, "मॅडम, आम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

एकेक नग भेटलेत. एक गृहस्थ पाचनईला चाकांची बॅग घेऊन उतरले होते. ती त्यांनी गावातल्या दगडी चढावर थोडा वेळ ओढूनही पाहिली. दुसरे एक मुंबईचे व्यापारी कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली बघत होते.  मग मान वळवून मला म्हणाले, "इथं रेलिंग कधी बसवणार तुम्ही?"

लोकांना वाटतं, वाटाड्याचं काम धाडसाचं असतं. मला ते कधीच तसं वाटलं नाही. माझं काम घाबरायचं होतं. बाकीच्यांनी मजेत चालावं म्हणून एका माणसानं सतत घाबरत राहायचं, ती मी. कुणाच्या बुटाचा तळ सुटायला आलाय, कोण पाणी पीत नाहीये, कोण हसायचं थांबलंय, ढग कुठल्या बाजूनं वर येतायत, हे सगळं बघत मी रांगेच्या शेवटी चालायची. रांगेच्या पुढं बुधाजी असायचा.

बुधाजी साम्रदच्या अलीकडच्या एका वाडीतला. माझ्यापेक्षा थोडा लहान, उंचीनं बेताचा, आणि चालताना पायांचा आवाज नाही. आमची जोडी वीसेक वर्षं टिकली. तरुणपणी तो दोरावर लोंबकळून कड्यातला मध काढायचा. माश्या चावल्याच्या गोष्टी तो अशा सांगायचा की ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. "आमाला चावून चावून माश्याच कटाळल्या," म्हणायचा.

त्या माश्यांबद्दलही सांगायला हवं. सह्याद्रीच्या कड्यांना, जिथं खडक पुढं आलेला असतो, त्याच्या खाली आग्या माश्यांची पोळी लटकतात. एकेक पोळं दाराच्या फळीएवढं. लांबून बघितलं तर खडकाला काळा डाग पडल्यासारखं दिसतं, आणि तो डाग मधूनच लाटेसारखा हलतो. धूर झाला, अत्तराचा वास आला, दगड पडला, की त्या उठतात. मोकळ्या जागी माणूस पळू तरी शकतो. कड्यातल्या वाटेवर पळायला जागाच नसते. तिथं अंगावर चादर ओढून, तोंड गुडघ्यात घालून, हात न हलवता बसून राहायचं, एवढं एकच करता येतं. म्हणून माझ्या प्रत्येक पाहुण्याच्या सॅकमध्ये वरच्या कप्प्यात एक चादर असायची. पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांकडून ती पांघरून बसायचा सराव करून घ्यायची. माणसं हसायची आणि एकमेकांचे फोटो काढायची.

ज्या वाटेवर हे घडलं तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक बघायला जातात.

त्या खेपेला गट लहान होता. त्यातल्या तिघांशीच या हकिकतीचा संबंध आहे. पहिले बोरा डॉक्टर. नगरच्या बाजारपेठेत त्यांचा दातांचा दवाखाना. गोरे, गोल, बोलके. कुणाचं पोट दुखलं, कुणाला ठणका लागला की लोक त्यांच्याकडं धावायचे आणि ते हात जोडायचे, "अहो, मी दातांचा डॉक्टर आहे. दात दुखला तर सांगा." दुसरा अनिकेत, पुण्यातला कॉम्प्युटरवाला तरुण, पायानं तगडा, सगळ्यात पुढं जायची घाई. आणि तिसऱ्या साळवे बाई.

साळवे बाई पाथर्डीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. सडसडीत अंग, जाड चष्मा, पायात नवे कोरे बूट. पहिल्याच चढावर मला कळलं की यांना उंचीची भीती आहे. साधी नाही, खरी. उघड्या कडेशी आल्या की त्यांचं बोलणं बंद व्हायचं आणि ओठ पांढरे पडायचे. त्या खाली बसून, हातापायांनी सरकत पुढं जायच्या. मी त्यांना रतनवाडीत बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाई, शेवटचा टप्पा अवघड आहे. तुम्ही इथून गाडीनं परत गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही."

त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्या शाळेतली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. उरलेल्यांना मी चारी वर्ग एकत्र बसवून शिकवायची. आयुष्यभर फळ्यावर सह्याद्री काढला. इकडं देश, तिकडं कोकण, मधी ही रेघ. पोरं विचारायची, बाई, तुम्ही पाह्यलाय का? मी म्हणायची, पाह्यलाय." चष्मा पुसत म्हणाल्या, "खोटंच की ते. एकदा उतरून बघू द्या. मी भिईन, पण थांबायची नाही."

मी त्यांना घेतलं.

तो दिवस थंडीचा, आकाश स्वच्छ. सकाळचं ऊन अजून कड्याच्या पश्चिम अंगाला आलेलं नव्हतं. वाट सुरुवातीला कारवीच्या झुडपांतून उतरते आणि मग कड्याच्या पोटातून आडवी जाते. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला काही नाही. खाली झाडं हिरव्या शेवाळासारखी दिसतात, इतकी खोल. वाटेची रुंदी एका माणसापुरती. मध्ये पावसाळ्यातल्या पाण्यानं एक घळ पाडली आहे, तिथं पाय लांब टाकून पलीकडं जावं लागतं. आम्ही तिथं दोर बांधायचो. आडवी वाट संपली की खडकात एक कपार आहे, दहाबारा माणसं दाटीनं बसतील एवढी. तिथून पुढचा उतार जंगलातला, सोपा.

घळीच्या वर, बऱ्याच उंचावर, पोळी होती. दर वर्षी असायची. आम्ही त्यांच्याखालून न बोलता जायचो.

बुधाजीनं बाकीच्यांना एकेक करून कपारीत पोचवलं आणि साळवे बाईंना न्यायला तो परत आला. पुढं बुधाजी, त्याच्या हातात बाईंचा हात, मागं मी. बाई बसून बसून सरकत होत्या. प्रत्येक वेळी आधी समोरच्या जागेकडं बघायच्या, तिथं हात ठेवून दाबून बघायच्या, मगच पुढं. मला घाई करावीशी वाटत होती, पण केली नाही. घळ आली. बुधाजी पलीकडं गेला. मी बाईंना मागून धरलं, त्यानं पुढून ओढलं, त्या पलीकडं गेल्या आणि भिंतीला गाल लावून बसल्या. मीही मागोमाग गेले. दोर सोडून घ्यायला सोपं जावं म्हणून बुधाजीनं बाईंचा हात एका हातात धरूनच एका खांद्यावरचा सॅकचा पट्टा काढला.

तेवढ्यात वर काहीतरी आवाज झाला. कुणीतरी जाड कापड झटकावं तसा.

मी वर पाहिलं. खडकाखालचा काळा डाग जागेवर नव्हता.

"ताई, उठल्या!" बुधाजी ओरडला. आणि मग जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यानं बाईंचा हात सोडला, सॅक खांद्यावरून झटकून टाकली आणि तो पळाला. त्या वाटेवर, जिथं मी वीस वर्षांत कुणाला भरभर चालूही दिलं नव्हतं, तिथं तो दोन्ही हात डोक्याभोवती फिरवत धावत गेला. त्याच्यामागं माश्यांचा लोट गेला.

मला त्याच्याकडं बघायला वेळ नव्हता. मी बाईंच्या सॅकमधून चादर ओढली, आम्हा दोघींवर टाकली आणि त्यांना भिंतीशी दाबून बसले. बाहेर असा आवाज होता की तो कानांनी ऐकू येत नव्हता, छातीतच वाजत होता. चादरीवर माश्या पडत होत्या, गारा पडाव्यात तशा. एक आत आली आणि माझ्या मानेत चावली. पेटलेली काडी टेकवल्यासारखं झालं. मी हललेच असते, पण हलले असते तर बाई उजवीकडं गेल्या असत्या. त्या चादरीच्या अंधारात पुटपुटत होत्या. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. नंतर कळलं, त्या पाढे म्हणत होत्या.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आवाज हळूहळू पातळ झाला. माश्या बुधाजीच्या मागं गेल्या होत्या. आम्ही दोघी चादर पांघरूनच, पोटावर सरकत कपारीशी पोचलो.

आत बाकीचे चादरी घेऊन कोपऱ्यात घट्ट बसलेले होते. थोड्याफार चावल्या सगळ्यांना, पण कुणाची अवस्था वाईट नव्हती. बुधाजी मध्ये पडला होता. त्याचं तोंड मला ओळखू आलं नाही. डोळ्यांच्या जागी दोन फुगवटे, ओठ उलटे झालेले, गळ्यावर आणि छातीवर लाल चट्टे. मला वाटलं, माश्या खूप चावल्यात, काटे काढू, गोळी देऊ, दोनतीन दिवसांत उतरेल. हा तर मधवाला माणूस. मी त्याच्याजवळ बसले तेव्हा त्याच्या घशातून शिटीसारखा आवाज येत होता.

बोरा डॉक्टर त्याची नाडी धरून होते. त्यांचा चेहरा बघितला आणि मला खरी भीती वाटली.

"हे चावण्याचं नाहीये," ते हळू म्हणाले. "हे सगळ्या अंगाला आलंय. घसा आतून सुजतोय."

"पण त्याला तर कितीतरी वेळा चावल्यात, डॉक्टर."

"म्हणूनच. कधीकधी शरीर वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस उलटतं." मग त्यांनी बुधाजीच्या कानाशी तोंड नेलं. "याआधी चावल्यावर असं काही झालं होतं का?"

बुधाजीनं बोलायचा प्रयत्न केला. "मागल्या साली... घसा धरला हुता. घरात सांगितलं न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागेल. आत्ता. आमच्या दवाखान्यात असतं. इथं..."

"आहे," मी म्हणाले. काही वर्षांपूर्वी एका प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हाला ते जवळ ठेवायला सांगितलं होतं. तेव्हापासून मी दर वर्षी नवीन आणून पेटीत ठेवायची आणि जुनं टाकून द्यायची. कधी लागलं नव्हतं. औषधाची पेटी बुधाजीच्या सॅकमध्ये होती, कारण अवघड जागी सगळ्यांच्या जवळ तोच असायचा.

आणि सॅक घळीशी पडली होती.

मी कपारीच्या तोंडाशी येऊन पाहिलं. सॅक दिसत होती. निळी होती, आता काळी दिसत होती. माश्या तिच्यावर थापल्यासारख्या बसल्या होत्या.

अनिकेत उठला. "मी जातो, मॅडम."

मी नाही म्हणाले. तो पाहुणा होता. आणि तो पळाला असता, तरुण माणूस तिथं पळतोच. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. मला जायचं नव्हतं. माझे पाय खरोखर उचलत नव्हते. मनात एकदा असंही येऊन गेलं की डॉक्टर चुकत असतील, थोडं थांबून बघू. मागून ती शिटी ऐकू येत होती, आणि दोन शिट्यांमधलं अंतर वाढत होतं.

मी रेनकोट घातला, टोपी ओढून तिच्या नाड्या आवळल्या. तोंडाला ओढणी गुंडाळली, हातांवर दोघा पाहुण्यांचे पायमोजे चढवले. तयार झाले तेव्हा लक्षात आलं की मला जवळजवळ काही दिसत नाहीये. ओढणीच्या फटीतून फक्त माझ्या पायापुढची वीतभर जागा दिसत होती. ओढणी सैल केली असती तर माश्या आत गेल्या असत्या.

"मी सांगते," साळवे बाई म्हणाल्या.

त्या कपारीच्या तोंडाशी आल्या होत्या. जिथं यायला त्यांना मघाशी दोन माणसं लागली होती, तिथं त्या एकट्या पालथ्या पडल्या होत्या, मान बाहेर काढून. "मला तिथला दगड अन् दगड ठाऊक झालाय. हातानं चाचपलाय प्रत्येक. तुम्ही बसून चला. मी सांगते."

मी बसून निघाले.

"उजवा हात भिंतीला. तसाच. पुढं एक दगड हलतोय, त्याच्यावर भार देऊ नका. झाला. आता डावीकडं वाट तुटलीय, उजवीकडं दाबा. अजून. हां."

चारी वर्गांना एकदम शिकवणारा तो आवाज. मोठा नव्हता, पण एकही अक्षर हरवत नव्हतं. मी स्वतःचं डोकं बाजूला ठेवलं आणि तो आवाज सांगेल तेवढंच केलं. सॅक जवळ आली तशा माश्या माझ्यावर आल्या. रेनकोटवर त्यांचा तडतड आवाज. मनगटाशी, जिथं मोजा आणि बाही यांच्यात फट होती, तिथं चावायला लागल्या. मी थांबले. हात झटकायची अशी ऊर्मी आली की दात आवळले तरी अंग थरथरत होतं.

"हात हलवू नका, मॅडम." बाईंचा आवाज पहिल्यांदा कापला. "सॅक समोर हाय. हात पुढं करा. पट्टा घावंल."

पट्टा घावला. मी सॅक ओढली. ती एकदम सैल आली, तोल गेला आणि माझी डावी टाच वाटेवरून घसरून हवेत गेली. पायाखाली काही नसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना त्यापासून जपत होते. स्वतः कधी अनुभवलं नव्हतं. मी भिंतीला गाल लावून पडून राहिले.  बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "पाय वर घ्या. घाई नाही."

घाई होतीच. पण मी पाय वर घेतला.

परत येताना काय झालं ते मला आठवत नाही. कपारीत कुणीतरी सॅक माझ्या हातातून घेतली, तिच्यावरच्या माश्या चादरीनं दाबल्या, पेटी उघडली. बोरा डॉक्टरांचे हात इतके थरथरत होते की काचेची कुपी पहिल्यांदा फुटेचना. "मी दात काढतो हो," ते स्वतःशीच म्हणत होते, "मी दात काढतो." कुपी फुटली, सुई भरली, आणि सुई हातात आल्यावर त्यांचे हात स्थिर झाले. त्यांनी बुधाजीच्या मांडीत, चड्डीच्या वरूनच, इंजेक्शन दिलं.

आम्ही सगळे त्याच्या छातीकडं बघत बसलो.  शिटी चालूच होती. मग ती जराशी जाड झाली. मग खोकला आला. बुधाजीनं मोठा, घरघरता श्वास घेतला आणि दुसरा घेतला. डॉक्टर मागं भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हे थोडा वेळच टिकेल," ते म्हणाले. "परत येऊ शकतं. अजून एकच कुपी आहे."

आता पळणं हे अनिकेतचं काम होतं, आणि ते त्यानं केलं. जंगलातल्या उतारानं तो खालच्या कोकणातल्या गावाकडं गेला. आम्ही दोन काठ्या आणि चादरी बांधून झोळी केली आणि बुधाजीला उचललं. बोरा डॉक्टर, बाकीचे पाहुणे, मी. सुट्टीवर आलेली माणसं. कुणाचा पाय मुरगळत होता, कुणाचे डोळे सुजून बंद होत होते, खांदे बदलत आम्ही उतरत होतो. पुढं साळवे बाई, वाटेतल्या फांद्या बाजूला धरत.

अर्ध्या वाटेत त्याचा श्वास परत अडकला आणि तो निळा पडायला लागला. झोळी खाली ठेवली. डॉक्टरांनी दुसरी कुपी फोडली. ती संपली तेव्हा आमच्याकडं काही उरलं नव्हतं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतरचा उतार माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. मी बुधाजीशी सतत बोलत होते, काहीही, रतनवाडीच्या देवळाबद्दल, त्याच्या म्हशीबद्दल. तो उत्तर देत नव्हता, पण माझ्या बोटाला त्याचं बोट अडकलेलं होतं आणि ते घट्ट होतं.

ओढ्याशी गावातली माणसं भेटली. अनिकेत त्यांच्याबरोबर परत वर आला होता. त्यांनी आमच्या खांद्यांवरून झोळी घेतली आणि ती अशी पळवली की आम्ही मागंच राहिलो. गावात जीप उभी होती. डॉक्टर त्याच्याबरोबर गेले.

जीप गेली आणि धूळ खाली बसली तेव्हा साळवे बाई रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसल्या होत्या. कड्याकडं मान वर करून बघत होत्या. उन्हात तो सगळा कडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसत होता. मला म्हणाल्या, "आणि मी हे खडूच्या एका रेघेत काढत होते." मग त्यांना हुंदका आला, आणि मी त्यांच्या शेजारी बसले. माझं मनगट भाकरीएवढं झालं होतं.

बुधाजी वाचला. काही दिवस दवाखान्यात राहून घरी आला. डॉक्टरांनी सांगितलं, परत असं झालं तर वेळ मिळेलच असं नाही.

माश्या का उठल्या, यावर नंतर फार चर्चा झाली. अनिकेतनं त्या दिवशी सकाळी अंगाला सुगंधी फवारा मारला होता. मी नको म्हणून सांगितलेलं तो विसरला होता. त्यानं मला फोन करून ते कबूल केलं, रडत. मी त्याला सांगितलं की मी वर पोळ्याशी एक ससाण्यासारखा पक्षी पाहिला, मध खाणारा, त्यानंच पोळं फोडलं. पक्षी मी पाहिला होता खरा. आधी पाहिला की नंतर, ते मला आज सांगता येणार नाही.

पुढचा हंगाम सुरू झाला तरी बुधाजीचा निरोप आला नाही. दर वर्षी तोच फोन करायचा, "ताई, कारवी वाळली, या." मी त्याच्या घरी गेले. हिराबाई, त्याची बायको, दारातच म्हणाली, "ताई, त्यांना न्यायला आला असाल तर पाया पडते, नका नेऊ." मी न्यायला आलेच नव्हते. पण बुधाजी घरात असून बाहेर आला नाही. म्हशीकडं गेलाय म्हणून सांगितलं. गोठा समोर होता आणि आत नुसती म्हैस होती.

त्या वर्षी मी दुसऱ्या माणसाला घेऊन गट नेला. आडव्या वाटेच्या तोंडाशी उभी राहिले आणि माझे पाय जागचे हलेनात. पाहुण्यांना सांगितलं, वाट ढासळली आहे. वळसा घालून गाडीरस्त्यानं खाली नेलं. पुढच्या वर्षीही तेच केलं. मग गुडघे गेले, आणि मला बरंच वाटलं.

मागच्या हिवाळ्यात मी बोरा डॉक्टरांच्या गाडीतून रतनवाडीला गेले होते. ते पुढं देवळात गेले आणि मला बुधाजीच्या वाडीशी सोडून गेले. बुधाजी अंगणात नाचणी पाखडत बसला होता. या वेळी आत जायला त्याला वेळ मिळाला नाही. मी समोर खाटेवर बसले. बराच वेळ आम्ही पावसाबद्दल बोललो, भातांबद्दल बोललो.

मग तो सूप खाली ठेवून म्हणाला, "ताई, बाईंचा हात मी सोडला."

"मला माहीत आहे. मी तिथंच होते."

"त्या काय म्हनल्या?"

"काही नाही म्हणाल्या. तुझी तब्येत विचारतात फोनवर."

त्यानं खाली बघितलं. "इतकी वर्सं लोक माझा हात धरून उतरले. मला वाटायचं, मला भ्याच न्हाई. त्या दिवशी माश्या आल्या आन् मला काय दिसलंच न्हाई. ना बाई, ना तुमी." मग म्हणाला, "तुमी माझ्यापायी मागं गेल्या. हिरानं इचारलं मला, ताईच्या जागी तुमी असता तर? मी तिला म्हनलं, गेलो असतो. खोटं हाय ते. न्हाई गेलो असतो."

 मला सांगता आलं असतं की तूही गेला असतास. त्याला ते चाललं नसतं, आणि मला ते खरं आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. मी माझ्याबद्दल जे ठाऊक होतं तेच सांगितलं. "बुधाजी, मीसुद्धा जात नव्हते. पाय उचलत नव्हते माझे. ती बाई बोलायला लागली म्हणून गेले. आणि त्यानंतर मी त्या वाटेवर एकदाही पाऊल टाकलेलं नाही. लोकांना सांगते, वाट ढासळली."

त्यानं मान वर केली. "ढासळली?"

"असं सांगते."

"म्हंजी वाट चांगलीच हाय की," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू नव्हतं, पण त्याच्या जवळचं होतं. "दोन साल झाली, पोरं मला सांगत्यात, भिंगारची ताई म्हनती वाट ढासळली. मी म्हनायचो, ताई कशी चुकंल, ढासळली असंल. आन् मीबी सगळ्यांना तेच सांगत बसलो."

तो सूप उचलून उठला. दाराशी जाऊन आत वाकला आणि हिराबाईला म्हणाला, "दोन भाकरी जास्त टाक. ताई आज मुक्कामाला हाय."